लार्स लेक्सेल : मेंदूतील अचूक बिंदूचा शोध घेणारा शल्यविशारद

नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, अर्थात एम्समध्ये, १९९७ साली गॅमा नाइफ हे उपकरण कार्यान्वित झाले. याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातही ही सुविधा सुरू झाली. नावात सुरी असली तरी या उपकरणाला पाते नाही. कवटीला छेद न देता, किरणांच्या साहाय्याने मेंदूतील गाठीवर किंवा रक्तवाहिन्यांच्या सदोष गुंतवळीवर उपचार करणारे हे यंत्र आहे. त्याची कल्पना सर्वप्रथम मांडणारे स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल हे १९८६ मध्येच निवर्तले होते. गॅमा नाइफच्या प्रचलित पद्धतीत उपचारापूर्वी रुग्णाच्या डोक्यावर धातूची एक हलकी चौकट चार स्क्रूंनी घट्ट बसवली जाते. ही चौकट जगभर लेक्सेल यांच्याच नावाने ओळखली जाते.

मेंदूच्या शल्यक्रियेत शस्त्र चालवण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो ठिकाणाचा. सीटी स्कॅनमध्ये हाड स्पष्ट दिसते आणि अंतरे बिनचूक मोजता येतात. परंतु मऊ ऊतींमधील सूक्ष्म भेद त्यात पुसट असतात. एमआरआयमध्ये हे भेद उत्तम दिसतात. मात्र चुंबकीय क्षेत्रातील असमानतेमुळे प्रतिमेत किंचित विकृती येऊ शकते. रक्तवाहिन्यांचे जाळे पाहावयाचे तर अँजिओग्राफीचा आधार घ्यावा लागतो. तिन्ही चित्रे एकाच डोक्याची असली तरी ती वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या स्थितीत घेतलेली असतात. एका चित्रातील बिंदू दुसऱ्या चित्रात नेमका कोठे येतो आणि प्रत्यक्ष डोक्यात तो कोठे आहे, हे निश्चित ठरल्याशिवाय शल्यविशारदाने हात घालणे धोक्याचे असते. दोन-तीन मिलिमीटरच्या चुकीने रुग्णाची दृष्टी, वाचा किंवा हातापायांतील शक्ती कायमची जाऊ शकते. लेक्सेल यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडले.

शिक्षण आणि उमेदवारी

लार्स लेक्सेल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग शहराजवळ झाला. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९३५ मध्ये ते सेराफिमर रुग्णालयात हर्बर्ट ऑलिवेक्रोना यांच्या हाताखाली मेंदूशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेऊ लागले. ऑलिवेक्रोना हे त्या काळी युरोपातील अग्रगण्य मेंदूशल्यविशारदांपैकी एक होते.

त्या वेळी ही शाखा बाल्यावस्थेत होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला असला तरी साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसे, मेंदू दिसत नसे. अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी १९१८ च्या सुमारास मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांची चित्रे घेण्याची पद्धत शोधली. पोर्तुगालच्या एगाश मोनिश यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून अँजिओग्राफीचा पाया घातला. गाठ प्रत्यक्ष दिसत नसे. पोकळी किंवा रक्तवाहिनी आपल्या जागेवरून सरकलेली दिसली की तेथे गाठ असावी, असा तर्क करावा लागे. त्यानंतर कवटीचा मोठा भाग उघडून गाठ शोधावी लागे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि मेंदूची सूज यांमुळे मृत्यूचे प्रमाण मोठे होते. आपल्या गुरूंच्या कौशल्याविषयी लेक्सेल यांना नितांत आदर होता. तथापि, कुशल हातांनी केलेल्या शल्यक्रियेनंतरही रुग्ण दगावतात, हे त्यांनी जवळून पाहिले. मेंदूसारख्या नाजूक अवयवासाठी हाताची साधने फारच स्थूल आहेत, ही त्यांची धारणा याच काळात दृढ झाली.

१९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले तेव्हा लेक्सेल स्वयंसेवक शल्यविशारद म्हणून तेथे गेले. जखमी सैनिकांच्या पाठीच्या कण्यात रुतलेल्या गोळ्या व तुकडे काढताना हाड थोडेथोडे कुरतडावे लागे आणि उपलब्ध चिमट्यांनी हे काम अतिशय कष्टाचे होई. दुहेरी सांध्याचा, कमी जोरात हाड तोडणारा चिमटा तयार करण्याची कल्पना त्यांना तेथेच सुचली. लेक्सेल रोंजर या नावाने ओळखला जाणारा हा चिमटा आजही जगातील असंख्य शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो.

युद्धकाळातच त्यांनी शरीरक्रियाशास्त्राच्या संशोधनाकडेही लक्ष वळवले. पुढे १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले राग्नार ग्रॅनिट यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या अतिसूक्ष्म चेतातंतूंचा अभ्यास केला. हे तंतू स्नायूंमधील ताणाची जाणीव नियंत्रित करतात, हे दाखवणारा त्यांचा प्रबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. या तंतूंना गॅमा तंतू म्हणतात. पुढे ज्या गॅमा किरणांशी त्यांचे नाव जोडले गेले, त्यांच्याशी या तंतूंचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. मात्र मेंदूच्या विशिष्ट बिंदूला विशिष्ट कार्य असते, ही जाण त्यांच्या पुढील संशोधनाला उपयोगी पडली.

चौकटीचा जन्म

१९४६ मध्ये लेक्सेल दक्षिण स्वीडनमधील लुंड येथे मेंदूशल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. पुढील वर्षी त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जाऊन अर्न्स्ट स्पीगल आणि हेन्री वायसिस यांची भेट घेतली. या दोघांनी १९४७ मध्ये मानवी मेंदूसाठी पहिले स्टिरिओटॅक्टिक उपकरण सादर केले होते. डोक्याभोवती स्थिर चौकट बसवायची, तिच्या आधारे मेंदूतील प्रत्येक बिंदूचे अंतर तीन दिशांनी मोजायचे आणि बारीक छिद्रातून सुई नेमकी तेथे पोहोचवायची, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. प्राण्यांच्या मेंदूवरील प्रयोगांसाठी असे उपकरण लंडनच्या व्हिक्टर हॉर्सली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ मध्येच वर्णिले होते. परंतु प्राण्यांच्या कवटीवरील खुणांवरून मेंदूतील स्थान ठरवणे जितके सोपे, तितके ते माणसांच्या बाबतीत नव्हते. कारण माणसागणिक कवटीचा आकार आणि मेंदूची ठेवण बदलते. स्पीगल आणि वायसिस यांनी कवटीऐवजी क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या मेंदूच्या आतील खुणांचा आधार घेतला आणि ही अडचण दूर केली.

स्वीडनला परतल्यावर लेक्सेल यांनी स्वतःचे उपकरण तयार केले आणि १९४९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची रचना साधी पण कल्पक होती. चौकटीवर एक अर्धवर्तुळाकार कंस बसवलेला असे आणि कंसाचा केंद्रबिंदू नेमका मेंदूतील लक्ष्यावर आणला जाई. वर्तुळाच्या परिघावरून केंद्राकडे जाणारी प्रत्येक त्रिज्या सारख्याच लांबीची असते. त्यामुळे सुई कंसावरील कोणत्याही जागेतून आणि कोणत्याही कोनातून आत घातली तरी तिचे टोक लक्ष्यावरच पोहोचे. शल्यविशारदाला किचकट कोनांचे गणित करावे लागत नसे. महत्त्वाची रक्तवाहिनी किंवा भाषाकेंद्र टाळून सोयीचा मार्ग निवडता येई. चौकटीच्या तिन्ही अक्षांवर मिलिमीटरच्या खुणा असून तिच्या मध्यबिंदूचे निर्देशक १००, १०० आणि १०० असे ठेवलेले आहेत. मेंदूतील प्रत्येक जागेला तीन अंकांचा पत्ता मिळाला.

सुरुवातीच्या उपयोगांत मेंदूतील द्रवाने भरलेल्या गाठींचा समावेश होता. अशा गाठीत सुई नेऊन द्रव काढणे आणि तेथे किरणोत्सारी फॉस्फरस सोडणे त्यामुळे शक्य झाले. त्यापाठोपाठ कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन विकाराच्या, रुग्णांवर त्यांनी उपचार सुरू केले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पॅलिडम या भागातील लहानसा बिंदू उष्णतेने निकामी केल्यास स्नायूंचा ताठरपणा व कंप कमी होतो, असे आढळले होते. लेक्सेल यांनी हा बिंदू प्रचलित जागेपेक्षा मागे व खाली हलवला आणि परिणाम लक्षणीय सुधारले. ८१ रुग्णांवरील हे अनुभव त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा हे औषध आले आणि अशा शल्यक्रिया जवळजवळ बंद पडल्या. औषधाच्या मर्यादा उघड झाल्यावर, १९९२ मध्ये स्वीडनमधीलच लाउरी लाइटिनेन यांनी लेक्सेल यांचा तोच बिंदू पुन्हा वापरून उत्तम परिणाम जाहीर केले आणि ती शल्यक्रिया पुनरुज्जीवित झाली.

लुंडमधील वास्तव्यात लेक्सेल यांनी आणखी एका दिशेने शोध घेतला. धातूमधील तडे शोधण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे ध्वनिलहरींचे उपकरण त्यांनी डोक्यावर लावून पाहिले. मेंदूच्या मध्यरेषेवरून परतणारा प्रतिध्वनी एका बाजूला सरकलेला आढळला, तर आत रक्त साकळले असावे किंवा गाठ असावी, असा निष्कर्ष काढता येई. याच शहरात इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ हे हृदयाच्या ध्वनिचित्रणावर काम करीत होते. सीटी स्कॅन उपलब्ध होईपर्यंत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी लेक्सेल यांची ही तपासणी अनेक देशांत उपयोगी ठरली.

सुईऐवजी किरण

चौकटीने बिंदू निश्चित होत असेल, तर तेथे सुईच पाठवली पाहिजे असे नाही, हा विचार लेक्सेल यांनी १९५१ मध्ये एका निबंधात मांडला. अनेक दिशांनी आलेले किरणांचे बारीक झोत एकाच बिंदूवर एकत्र आणावेत. प्रत्येक झोत एकटा इतका क्षीण असावा की वाटेतील निरोगी मेंदूला इजा होऊ नये, परंतु सर्वांची बेरीज केंद्रबिंदूवर प्रभावी ठरावी, अशी ही कल्पना होती. तिला त्यांनी रेडिओसर्जरी हे नाव दिले. सुरुवातीला त्यांनी क्ष-किरणांची नळीच चौकटीच्या कंसावर बसवली आणि चेहऱ्याच्या असह्य वेदनांनी त्रस्त असलेल्या काही रुग्णांच्या ट्रायजेमिनल नसेवर किरण सोडले.

सहकाऱ्यांना ही कल्पना सहज पटली नाही. शल्यविशारदाने गाठ प्रत्यक्ष पाहावी, हाताळावी आणि काढावी, ही त्या काळची रीत होती. बंद कवटीत न दिसणाऱ्या ठिकाणी किरण सोडायचे आणि परिणामांसाठी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे थांबायचे, ही पद्धत अनेकांना शल्यक्रियाच वाटत नव्हती. आक्षेपात तथ्यही होते. लक्ष्य चुकले तर चूक दुरुस्त करण्याची संधी नव्हती. म्हणूनच लेक्सेल यांच्या दृष्टीने किरणांच्या शक्तीपेक्षा त्यांच्या अचूकतेचे महत्त्व अधिक होते.

क्ष-किरण पुरेसे भेदक नसल्याने त्यांनी उप्साला विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ बॉर्ये लार्सन यांच्याशी सहकार्य केले. उप्सालाच्या सिंक्रोसायक्लोट्रॉनमधून मिळणाऱ्या प्रोटॉन झोतांनी प्रथम प्राण्यांवर आणि नंतर काही रुग्णांवर प्रयोग झाले. प्रोटॉनचे परिणाम उत्तम होते. परंतु असे अवाढव्य यंत्र प्रत्येक रुग्णालयात उभारणे अशक्य होते. १९६० मध्ये लेक्सेल हे ऑलिवेक्रोना यांचे उत्तराधिकारी म्हणून कॅरोलिन्स्का येथे प्राध्यापक झाले. रुग्णालयात मावेल, फिरत्या भागांशिवाय चालेल आणि शल्यविशारद स्वतः वापरू शकेल, असे साधन त्यांना हवे होते. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकातून निघणाऱ्या गॅमा किरणांत त्यांना हा पर्याय सापडला.

१९६८ मध्ये स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात पहिले गॅमा नाइफ वापरात आले. जाड धातूच्या कवचात कोबाल्टचे १७९ स्रोत अर्धगोलात मांडले होते आणि प्रत्येकातून येणारा बारीक झोत एकाच बिंदूवर रोखलेला होता. रुग्णाच्या डोक्यावरील चौकट यंत्रात अशी बसवली जाई की मेंदूतील लक्ष्य त्या बिंदूवर येई. तीव्र वेदना, कंपवात आणि इतर उपचारांना दाद न देणारे गंभीर मानसिक विकार यांवर उपचार करणे, हा या यंत्राचा मूळ हेतू होता. यांपैकी मानसिक विकारांसाठी मेंदूतील तंतू निकामी करण्याच्या उपचारांवर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि त्या वादाची छाया या कार्यावर काही काळ राहिली.

पुढे यंत्राचा उपयोग वेगळ्याच दिशेने वाढला. १९६९ मध्ये श्रवणाच्या नसेवरील गाठीवर आणि १९७० मध्ये लाडिस्लाऊ स्टायनर यांच्या सहभागाने मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंतवळीवर त्याने उपचार करण्यात आले. ही गुंतवळ फुटली तर मेंदूत प्राणघातक रक्तस्राव होतो. अँजिओग्राफीत ती स्पष्ट दिसत असल्याने तिचे निर्देशक काढता येत. किरणांच्या परिणामाने तिच्या भिंती हळूहळू जाड होत आणि दोन-तीन वर्षांत ती बंद होई. १९७५ मध्ये दुसरे, अधिक गोलाकार परिणामक्षेत्राचे यंत्र कॅरोलिन्स्का येथे बसवण्यात आले. तत्पूर्वी १९७२ मध्ये लेक्सेल यांनी पुत्र लॉरेंट यांच्यासह या उपकरणांच्या निर्मितीसाठी इलेक्टा ही कंपनी स्थापन केली होती. १९७४ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले.

अनेक चित्रे, एक पत्ता

लेक्सेल निवृत्त होत असताना प्रतिमाशास्त्रात क्रांती घडत होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेण्यात आला. पाठोपाठ १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एमआरआय आला. आता गाठ तर्काने नव्हे, प्रत्यक्ष दिसू लागली. परंतु नवा प्रश्न उभा राहिला. स्कॅनच्या पडद्यावर दिसणारी गाठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरील डोक्यात नेमकी कोठे आहे?

सत्तरी ओलांडलेल्या लेक्सेल यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जुन्या चौकटीत शोधले. १९८० मध्ये त्यांनी सहकाऱ्यासमवेत सीटी स्कॅनसाठी चौकटीचे रूपांतर प्रसिद्ध केले. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवण्यात आल्या. त्यांत दोन उभ्या रेषा आणि त्यांना जोडणारी एक तिरपी रेषा असते. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप. प्रत्येक कापात या तीन रेषा तीन ठिपक्यांच्या रूपात उमटतात. मधला ठिपका दोन टोकांच्या ठिपक्यांपैकी कोणाच्या किती जवळ आहे, यावरून तो काप कोणत्या उंचीवरचा आहे हे काढता येते. अशा रीतीने सपाट चित्रातील बिंदूला पुन्हा तीन अंकांचा पूर्ण पत्ता मिळाला.

१९८५ मध्ये त्यांनी एमआरआयसाठीही हीच रचना सादर केली. एमआरआयमध्ये धातूच्या तारा उपयोगी पडत नाहीत. पुढे रूढ झालेल्या रचनेत पट्ट्यांतील बारीक नळ्यांत मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, द्रावण भरले जाते आणि ते चित्रात ठळक उमटते. अँजिओग्राफीसाठी वेगळ्या खुणांच्या पट्ट्या असतात. परिणामी एकच चौकट डोक्यावर ठेवून सीटी, एमआरआय आणि अँजिओग्राफी या तिन्ही तपासण्या केल्या तर तिन्हींतील बिंदू एकाच मोजपट्टीवर येतात. एमआरआयने गाठीची सीमा दाखवावी, अँजिओग्राफीने रक्तवाहिनी दाखवावी, सीटीने अंतराची खात्री द्यावी आणि चौकटीने या सर्वांची सांगड घालावी, अशी ही व्यवस्था होती.

१२ जानेवारी १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात फिरावयास गेले असताना लार्स लेक्सेल यांचे निधन झाले. त्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. तोपर्यंत गॅमा नाइफ स्वीडनबाहेर जेमतेम पोहोचू लागले होते. १९८७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २०१ स्रोतांचे यंत्र बसवण्यात आले आणि त्यानंतर त्याचा जगभर प्रसार झाला.

चौकटीनंतर

ज्या वर्षी लेक्सेल निवर्तले, त्याच वर्षी दिल्लीतील इन्मास, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन अँड अलाइड सायन्सेस, या संरक्षण संशोधन संस्थेत भारतातील पहिले एमआरआय यंत्र सुरू झाले. मेंदूशल्यचिकित्सेची परंपरा देशात त्याआधीच रुजली होती. १९४९ मध्ये डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोर येथे विभाग सुरू केला. मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात स्टिरिओटॅक्टिक शल्यक्रियांचे मोठे कार्य उभे केले. एम्समधील मेंदूशल्यचिकित्सा विभाग १९६५ मध्ये डॉ. प्रकाश नारायण टंडन आणि डॉ. ए. के. बॅनर्जी यांनी सुरू केला. दिल्लीत १९९७ मध्ये गॅमा नाइफ आले तेव्हा हा पाया तयार होता. उत्तर भारतातील दूरदूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांना सरकारी रुग्णालयात हा उपचार मिळू लागला.

दरम्यान, संगणकाने चौकटीशिवाय चित्रे जुळवण्याचा मार्ग खुला केला. कवटी कठीण असल्याने एका स्कॅनमधील डोके दुसऱ्यातील डोक्याशी जुळवण्यास केवळ सहा संख्या पुरतात. तीन दिशांना किती सरकवायचे आणि तीन अक्षांभोवती किती फिरवायचे. अडचण वेगळीच होती. सीटीमध्ये हाड पांढरेशुभ्र दिसते, तर एमआरआयमध्ये तेच काळे दिसते. त्यामुळे दोन चित्रांची छटा सारखी आहे का, हे पाहून चालत नाही. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत आणि बेल्जियममध्ये संशोधकांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे यावर माहितीशास्त्रातील एक माप वापरले. एका चित्रातील छटा कळल्यावर त्याच जागी दुसऱ्या चित्रातील छटेचा अंदाज किती खात्रीने बांधता येतो, हे या मापाने ठरते. ही खात्री सर्वाधिक होईपर्यंत संगणक एक चित्र दुसऱ्यावर सरकवत आणि फिरवत राहतो. त्यानंतर इन्फ्रारेड कॅमेऱ्यांच्या साहाय्याने शल्यविशारदाच्या हातातील उपकरणाची जागा थेट स्कॅनवर दाखवणारी मार्गदर्शन प्रणाली अनेक शस्त्रक्रियागृहांत रूढ झाली.

या प्रणालीलाही एक मर्यादा आहे आणि ती लेक्सेल यांच्या मूळ विचाराकडे लक्ष वेधते. स्कॅन हे शल्यक्रियेपूर्वीच्या मेंदूचे चित्र असते. कवटी उघडल्यावर मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, गाठीचा भाग निघतो, मेंदू खचतो आणि काही वेळा तो सेंटिमीटरभर सरकतो. अशा वेळी कितीही अचूक जुळवलेली चित्रे प्रत्यक्षाशी विसंगत ठरू लागतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या दरम्यान पुन्हा स्कॅन किंवा ध्वनिचित्रण करावे लागते. गॅमा नाइफमध्ये कवटी बंदच राहत असल्याने ही अडचण येत नाही. लेक्सेल यांची चौकट आणि त्यांची किरणांची पद्धत या वरवर वेगळ्या वाटणाऱ्या दोन शोधांचे नाते येथे स्पष्ट होते. बंद कवटीमुळे नकाशा खरा राहतो आणि नकाशा खरा असल्यामुळे कवटी बंद ठेवता येते.

रेडिओसर्जरी सर्व रोगांवरचा उपाय मात्र नाही. साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठींवर आणि मेंदूवर दाब आणणाऱ्या गाठींवर बहुधा उघडी शल्यक्रियाच करावी लागते. परिणाम दिसण्यास कालावधी लागतो आणि तोवर रक्तवाहिन्यांच्या गुंतवळीतून रक्तस्राव होण्याचा धोका कायम असतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असल्याने तेवढ्या काळात यंत्राची तीव्रता निम्म्यावर येते, त्याच उपचाराला दुप्पट वेळ लागू लागतो आणि महागडे स्रोत बदलणे भाग पडते. देशातील रुग्णसंख्येच्या तुलनेत अशा केंद्रांची संख्या आजही मर्यादित आहे.

शरीरशास्त्रज्ञ, यंत्ररचनाकार आणि शल्यविशारद अशा तिन्ही भूमिका लेक्सेल यांनी पार पाडल्या. त्यांच्या गॅमा नाइफच्या २००६ मध्ये आलेल्या परफेक्शन या आवृत्तीत १९२ स्रोत आहेत. पुढील आवृत्त्यांत काही रुग्णांसाठी स्क्रूंऐवजी मुखवट्याचाही वापर होऊ लागला. तथापि, वेगवेगळ्या यंत्रांनी घेतलेली चित्रे आधी एका मोजपट्टीवर आणावीत आणि ती खात्री झाल्यावरच मेंदूला स्पर्श करावा, हा लेक्सेल यांनी घालून दिलेला क्रम बदललेला नाही.